हातातलं संपवून निघतो

शून्य. खारूने चष्मा पदराने पुसला, शोधायचं वाक्य पुन्हा अक्षर न् अक्षर टाइप केलं आणि बटण दाबलं. पुन्हा शून्य. गेल्या महिन्यात शून्य, गेल्या वर्षात शून्य, आणि जिथपर्यंत सर्व्हरचे लॉग, त्याच्या रोजच्या नोंदी, जपून ठेवलेल्या होत्या तिथपर्यंत, म्हणजे सात वर्षं मागे गेलं तरी शून्यच. सकाळचे साडेअकरा झाले होते. कपातल्या चहावर साय धरली होती, खिडकीखालच्या रस्त्यावर कुणीतरी कपाट चढवत होतं आणि चार जण एकाच वेळी चार दिशांना ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणत होते, आणि खारू आपली त्या शून्याकडे बघत बसली होती. वाक्य तसं साधं होतं: ‘हातातलं संपवून निघतो.’ तिनेच लिहिलेलं. सर्व्हरवरच्या बाकीच्या सगळ्या ओळी इंग्रजीत, रुक्ष, आकड्यांनी भरलेल्या. ही एकच तिने हौसेने आपल्या भाषेत घातली होती. चाइल्ड प्रोसेसला, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमच्या हाताखालच्या छोट्या प्रोग्रॅमला, थांबायचा निरोप मिळाला की तिने नवीन काम घेणं बंद करायचं, हातात असेल ते पुरं करायचं, आणि जाताना लॉगमध्ये एवढं एक वाक्य लिहून जायचं. माणूस कामावरून निघताना दारातून सांगून जातो ना, तसं. ते वाक्य लिहिल्याच्या दिवशी खारू एवढी खूश झाली होती की घरी जाताना तिने स्वतःसाठी फुलं घेतली होती. आणि आता कळत होतं की सात वर्षांत ते वाक्य कुणी एकदाही बोललं नव्हतं. एकदाही!

खारू हे तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. लहानपणी ती सगळं लपवून ठेवायची. बिस्किटं उशीच्या खोळीत, पेन्सिलींचे तुकडे बुटात, शाळेतून आलेल्या तक्रारीच्या चिठ्ठ्या घड्याळाच्या मागे. बाबा म्हणायचे, ही खार आहे खार, हिवाळ्याची बेगमी करते. खारीची खारूताई झाली, मग ताई गळून पडली. ऑफिसात हे नाव कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, पण एकदा बाबांनी थेट ऑफिसात फोन करून ‘आमची खारू आहे का?’ असं विचारलं, तो फोन नेमका दाढीवाल्याने घेतला आणि सत्तेचाळीस वर्षांच्या, सर्व्हर सांभाळणाऱ्या, चार जणांना धाकात ठेवणाऱ्या बाईची दुपारपर्यंत खारू झाली. दाढीवाला तिच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. माणूस कामाचा, पण जीभ आवरत नाही म्हणतात त्यातला.

‘‘सापडली का ओळ?’’ त्याने खुर्ची सरकवत विचारलं.

‘‘नाही. एकही नाही.’’

‘‘म्हणजे कमी आहेत?’’

‘‘कमी नाहीत रे बाबा, नाहीतच!’’

झालं होतं ते असं. त्यांचं सॉफ्टवेअर रक्त तपासणाऱ्या लॅबना रिपोर्ट तयार करून द्यायचं. एक पेरेंट प्रोसेस, तिच्या हाताखाली आठ चाइल्ड प्रोसेस. रिपोर्टचं काम आलं की पेरेंटने ते आठांपैकी जो मोकळा असेल त्याच्या हातात द्यायचं. रोज दुपारी बारा वाजता नवी सुधारणा चढवायची म्हणून जुन्या आठांना थांबवून नवे आठ उभे करायचे. आणि रोज बाराच्या सुमाराला एखाददुसरा रिपोर्ट अर्धवट निघायचा. काल एका आजोबांच्या रिपोर्टवर साखर आली आणि कोलेस्टेरॉलची रांग कोरीच राहिली. आजोबा घरी जाऊन सांगत सुटले की आपल्याला कोलेस्टेरॉलच नाही, आणि त्या आनंदात त्यांनी काय काय खाल्लं ते त्यांच्या सुनेने फोनवर लॅबला सविस्तर ऐकवलं. लॅबने खारूला ऐकवलं. अर्धवट रिपोर्टचं हे दुखणं जुनंच होतं आणि त्यावरचा ऑफिसचा उपायही ठरलेला: आठ जणांना आवरायला आणखी वेळ द्या. पहिल्यांदा दहा सेकंद दिले होते. मग तीस केले. मग साठ. गेल्या वर्षी नव्वद. तरी नव्वद सेकंद उलटले की हे आपले तिथेच, नवं काम घेत बसलेले; मग सिस्टीम वैतागून सगळ्यांना एका फटक्यात उपटायची. उपटल्यावर कसलं वाक्य नि कसलं काय. हातातलं हातात राहायचं. मीटिंगमध्ये सगळे माना हलवून म्हणायचे, पोरं ऐकत नाहीत. खारूही म्हणायची. तिला त्या आठांचा मनातून राग यायचा, इतकं समजूतदार वाक्य शिकवलं होतं त्यांना.

तिने निरोपाचा माग काढायला सुरुवात केली, आणि एकदा माग काढायला बसली की ती ऐकत नाही. थांबायचा निरोप बाहेरून निघत होता, वेळेवर निघत होता. पोचतही होता. पण कुणाला? पेरेंटच्याही आधी दारात एक जण बसलेला होता: चार ओळींची एक फाइल, जिचं काम एवढंच की सुरुवातीला पेरेंटला उठवायचं. उठवून झाल्यावर तिने खरं म्हणजे बाजूला व्हायला हवं होतं. ती झाली नव्हती. दारातच बसून राहिली होती, आणि बाहेरून येणारा प्रत्येक निरोप स्वतःकडे ठेवून घेत होती. पुढे सांगायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आत पेरेंटला पत्ता नाही, आठांना पत्ता नाही. नव्वद सेकंद ते बिचारे आनंदाने काम करत राहायचे, नवीन घ्यायचे, आणि मग आकाश कोसळायचं. फाइलच्या वर लिहिणाऱ्याचं नाव होतं. खारूचंच. तारीख सर्व्हर सुरू झाला त्या पहिल्या आठवड्यातली. ‘तात्पुरतं’ असंही तिने शेजारी लिहून ठेवलं होतं, आणि तात्पुरत्याचं आयुष्य किती असतं हे जगाला माहीत आहे.

दाढीवाल्याने वाकून ती फाइल वाचली आणि खोखो हसायला लागला. ‘‘सात वर्षं! सात वर्षं आपण बोंबलतोय, पोरं ऐकत नाहीत, पोरं हट्टी आहेत. अगं, पोरांना सांगितलं कुणी होतं?’’

खारूही हसली. हसता हसता तिचा हात आपसूक खुर्चीला अडकवलेल्या पर्सकडे गेला आणि आतल्या कप्प्याच्या चेनवर जाऊन थांबला. त्या कप्प्यात एक पत्र होतं. तीन महिने होतं. चारदा घडी घातलेलं, कडा मऊ पडलेलं, त्याच्या शेजारी एक खोकल्याची गोळी आणि एक सुटं बटण. तिने चेन उघडली नाही. पत्रात काय आहे ते तिला पाठ होतं: ‘आपले वडील वापरत असलेली तळमजल्यावरची खोली इमारतीच्या दुरुस्तीसाठी येत्या साडेतीन महिन्यांत, म्हणजे तीस तारखेपर्यंत रिकामी करून द्यावी, पहिल्या तारखेला कामकरी येतील, आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल वाईट वाटते.’ खोलीच्या मालकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, सभ्य माणूस. करारावर सही खारूची म्हणून पत्र खारूला. आज त्याच महिन्याची अठरा तारीख होती.

त्या खोलीत बाबा कवळ्या बनवायचे. पन्नास वर्षं. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्याची मापं घ्यायचे, त्यांचे प्लास्टरचे साचे बाबांकडे यायचे, आणि बाबा त्या साच्यांवर गुलाबी मेण चढवून एकेक दात असा बसवायचे की हसल्यावर माणूस स्वतःसारखाच दिसावा. खारूचं सगळं लहानपण त्या खोलीच्या वासात गेलं होतं: वितळलेलं मेण, ओलं प्लास्टर, पॉलिशच्या चाकाचा गरम वास. फळीवर ओळीने जबडे मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव नसायचंच, बाबांची आपली खूण असायची: ‘शिट्टी वाजवणारे आजोबा’, ‘भांडकुदळ मावशी, वरचे चार’, ‘लग्नाआधी हवेत’. खारू शाळेतून आली की तिथेच अभ्यासाला बसायची आणि बिनदाताचे जबडे तिचे पाढे ऐकायचे. बाबांची एक रीत होती. साचा हातात घेतला की त्याला सांगायचे, ‘घेतलं हो तुमचं.’ एकदा घेतलं म्हटलं की ते काम संपल्याशिवाय ते गावाला जायचे नाहीत की आजारी पडायचे नाहीत. ‘अर्धी कवळी कुणाच्या कामाची नाही खारू,’ ते म्हणायचे, ‘त्यापेक्षा नाही म्हणावं. नाही म्हटलेला माणूस दुसरीकडे जातो, अर्धवट ठेवलेला उपाशी राहतो.’

मग आई गेली त्या वेळी, दोन वर्षांपूर्वी, बाबा पहिल्यांदा खोलीवर गेले नाहीत. एकोणीस दिवस ते घरातल्या भिंतीवरच्या घड्याळासमोर बसून होते. खारू जेवणाचं ताट ठेवायची आणि तसंच उचलायची. बोललं तर हूं, नाही बोललं तर तेही नाही. तिला वाटलं होतं की आता हेही चालले. विसाव्या दिवशी सकाळी ते अचानक उठले, दाढी केली, ‘माझे चार जण दातांवाचून बसलेत,’ म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. संध्याकाळी परत आले ते भूक लागली म्हणत. त्या दिवशी खारू स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून रडली होती, आनंदाने. आणि मालकांचं पत्र वाचलं त्या क्षणी तिच्या डोळ्यांसमोर दुसरं काही आलंच नाही, ते घड्याळ आलं, आणि त्याच्यासमोरची ती पाठ. तिने पत्राची घडी घातली. एक, दोन, तीन, चार. दादाला मात्र फोन केला. दादा लांब राहायचा, रविवारी बोलायचा. ‘मी सांगते बाबांना,’ ती त्याला म्हणाली, ‘तू फोनवर काही बोलू नकोस, मी नीट वेळ बघून सांगते.’ तेव्हापासून तेरा रविवार झाले. ‘सांगितलंस ना?’ ‘हो हो.’ ‘मग बंद करताहेत का?’ ‘कुठे रे, नवीन कामं घेताहेत अजून.’ ‘म्हणजे काय! ऐकत नाहीत म्हणजे काय!’ ‘तुला माहितीए ना ते कसे आहेत.’ ‘हट्टी आहेत. जाऊ दे, अजून थोडा वेळ दे त्यांना.’ आणि खारू थोडा वेळ द्यायची. सगळ्यात कमाल अशी की तिला स्वतःलाच पटलं होतं की आपण सांगितलं आहे. एकदा डबा पोचवताना ‘बाबा, आता जरा कमी करा’ असं काहीतरी ती म्हणाली होती, तेव्हा पॉलिशचं चाक चालू होतं. बाबा म्हणाले होते, ‘भात जास्त झालाय का?’

‘‘खारू, बारा वाजायला आले,’’ दाढीवाला म्हणाला. ‘‘दुरुस्ती करतेस का आज असंच उपटायचं?’’

दुरुस्ती एका शब्दाची होती. त्या चार ओळींतल्या शेवटच्या ओळीआधी एक शब्द घातला की ती फाइल पेरेंटला उठवून स्वतःची जागा त्यालाच देऊन टाकते. दारात कुणी उरतच नाही. पण तो शब्द नव्या आठांसाठी. आत्ता चालू असलेल्या जुन्या आठांचं काय, त्यांच्या दारात तर ती अजून बसलेलीच होती. खारूने क्षणभर विचार केला. मग तिने बाहेरचा रस्ताच सोडला, पेरेंटचा नंबर शोधला आणि दारातल्याला वगळून थेट त्याच्याच हातात निरोप दिला. आवरा. बोट बटणावर होतं आणि छाती धडधडत होती. एवढ्याशा गोष्टीला छाती धडधडते हे कुणाला सांगायची सोय नसते. पडद्यावर काहीच झालं नाही. आणि मग एक ओळ आली. हातातलं संपवून निघतो. तिच्याखाली दुसरी, तिसरी. हातातलं संपवून निघतो, हातातलं संपवून निघतो. सात आल्या, भराभरा, जणू केव्हाचे दाराशी चपला घालून उभे होते. आठवा राहिला. दहा सेकंद, पंधरा. दाढीवाला खुर्चीवरून उठून उभा राहिला. ‘‘असू दे,’’ खारू पुटपुटली, ‘‘मोठा रिपोर्ट असेल, संपवू दे त्याला.’’ बाविसाव्या सेकंदाला आठव्याने एका माणसाचा अख्खा रिपोर्ट, साखरेपासून कोलेस्टेरॉलपर्यंत, पुरा करून पाठवला आणि खाली शहाण्यासारखं लिहिलं: हातातलं संपवून निघतो. दाढीवाल्याने टेबलावर थाप मारली. खारूच्या डोळ्यांत पाणी आलं. किती साधी, गुणी पोरं होती ही. आणि आपण सात वर्षं त्यांना नावं ठेवली.

‘‘मी अर्धा दिवस रजा टाकते,’’ ती म्हणाली आणि पर्स उचलली.

बाबांची खोली ऑफिसपासून वीस मिनिटांवर होती. वीस मिनिटांत खारूने मनात सतरा वेळा सुरुवात केली. ‘बाबा, एक गोष्ट आहे.’ ‘बाबा, रागावू नका.’ ‘बाबा, तुम्हाला कधी दगदग वाटते का?’ प्रत्येक सुरुवातीच्या शेवटी ते घड्याळ टिकटिक करत बसलेलं. रस्त्यातून जाणाऱ्या माणसांच्या दातांकडे ती बघत होती, लहानपणची सवय. किती जणांच्या तोंडात बाबा असतील कुणास ठाऊक. फुटपाथवर एक म्हातारं जोडपं मक्याच्या कणसासाठी भांडत होतं आणि दोघंही कडाकडा चावत होती. कोपऱ्यावर ती थांबली. परत फिरावं, रविवारी बघू, असं अगदी स्पष्ट मनात आलं. तिने स्वतःलाच म्हटलं, दारातली बया, हो बाजूला. आणि ती आत शिरली.

बाबा उभे होते. सत्त्याहत्तरीतही ते उभ्यानेच काम करायचे. पांढरा एप्रन, त्यावर गुलाबी मेणाचे डाग, हातात एक खालचा जबडा. ‘‘आलीस? ये. हे बघ, सकाळीच तीन नवीन आले. हे गृहस्थ भाषणं करतात, पुढचे दात जरा ठळक हवेत म्हणाले.’’ फळीवर साचे मांडलेले होते. खारूने मोजले. चौदा. तिने ठरवलेल्या सतरा सुरुवातींपैकी एकही तोंडातून निघाली नाही. तिने चेन उघडली, पत्र काढलं, खोकल्याची गोळी खाली पडली, ते पत्र तिने त्यांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, घड्या उलगडल्या, वाचलं. मग वर जाऊन तारीख वाचली. पुन्हा खालपर्यंत आले.

‘‘हे तीन महिन्यांपूर्वीचं आहे.’’

‘‘हो.’’

‘‘पोस्टात अडकलं होतं?’’

‘‘नाही. माझ्या पर्समध्ये.’’

खारू त्यांच्या हातांकडे बघत होती, तोंडाकडे बघायचा धीर नव्हता. हात पत्र धरून स्थिर होते. आणि मग बाबा असे कडाडले की फळीवरचे जबडेसुद्धा दचकले असतील.

‘‘बारा दिवस? चौदा जणांची कामं, आणि हातात बारा दिवस? आज सकाळी तीन घेतले मी! ‘घेतलं हो तुमचं’ म्हणालो त्यांना! तू काल सांगितलं असतंस तरी मी नाही म्हणालो असतो. खारू, बिस्किटं लपवायचीस ते ठीक होतं, हे चौदा माणसांचं खाणं लपवलंस तू!’’

‘‘बाबा, मला वाटलं तुम्ही... खोली बंद करा म्हटलं तर... आई गेल्यावर तुम्ही त्या घड्याळासमोर...’’ नाक गळायला लागलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई प्लास्टरच्या धुळीत उभी राहून लहान मुलीसारखी रडत होती आणि तिला त्याची लाजही वाटत नव्हती.

बाबांनी पत्र खाली ठेवलं. हातरुमाल शोधला, सापडला नाही, मग पॉलिशचं फडकं दिलं. ‘‘अगं वेडे,’’ ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘आई गेल्यावर बसलो होतो तो आई गेली म्हणून. खोलीसाठी कोण बसतंय?’’ मग म्हणाले, ‘‘आणि खरं सांगू का, मला वाटायचं तुम्हा दोघांनाच मी घरात बसलेला नको आहे. दादा फोनवर विचारतो, बाबा कामं कशी चाललीत, कामं कशी चाललीत. म्हटलं यांना बरं वाटतंय तर चालवू. माझे गुडघे गेलं वर्षभर शिव्या देताहेत मला. पन्नास वर्षांत मी दुपारी झोपलो नाहीये खारू. एकदा तरी झोपायचंय.’’

खारू फडक्याआडून बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, रडण्यातूनच, आणि त्याला धरबंद राहिला नाही. बाबाही हसायला लागले, पण पुरते नव्हे. हसता हसता त्यांची नजर फळीवर गेली आणि परत कडक झाली. ‘‘हसायला नंतर वेळ आहे. बंद करायचं मला वाईट नाही. अर्धवट ठेवायचं आहे. चौदातली एक जरी राहिली ना, तर तुझ्याशी बोलणार नाही मी.’’ ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी पुठ्ठ्याचं एक झाकण घेतलं, जाड पेनाने त्यावर लिहिलं, ‘नवीन काम घेणे बंद. घेतलेले पुरे होईल,’ आणि बाहेर दाराला अडकवलं. मग पुलापलीकडे कवळ्या बनवणाऱ्या दुसऱ्या कारागिराला, जो एके काळी त्यांच्याच हाताखाली शिकला होता, फोन लावून सांगितलं की आजपासून माझ्याकडचा माणूस तुझ्याकडे पाठवीन, परत लावू नकोस. सगळं मिळून पाच मिनिटं लागली. खारू बघतच राहिली. तीन महिने जे सांगायला जीभ रेटत नव्हती ते पाच मिनिटांत ऐकून झालं होतं, आणि बाबा हाताचं पीठ झटकावं तसं प्लास्टर झटकत म्हणत होते, ‘‘बघतेस काय? एप्रन घाल.’’

ते बारा दिवस खारूला पुढे कधीही आठवले तरी बोटांत आठवायचे. ती ऑफिसातून चारला निघायची आणि सातपर्यंत कवळ्या घासायची. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग ओली पूड आणि चाक. तिच्या टापटीप नखांत गुलाबी भुकटी बसली ती मीटिंगमध्येही तशीच. लहानपणी जबड्यांना पाढे म्हणून दाखवायची तीच फळी, पण आता त्यावरची ओळ रोज आखूड होत होती. भांडकुदळ मावशींसारख्याच कुणी एक मावशी दात बसवून बघायला आल्या आणि बसल्याबसल्या दोघांनाही चार शब्द सुनावून गेल्या; बाबा म्हणाले, उच्चार उत्तम आहेत. भाषणवाल्या गृहस्थांचे पुढचे दात एकदा खोटे वाटले म्हणून बाबांनी पुन्हा मेणावरून सुरुवात केली, तेव्हा सातच दिवस उरले होते आणि खारूच्या जिवाचं पाणी पाणी झालं. ‘चालतील की असेच,’ ती म्हणाली. बाबांनी नुसतं बघितलं. घाईघाईने संपवलेलं आणि अर्धवट राहिलेलं यांत त्यांच्या लेखी फरक नव्हता. मधल्या रविवारी दादाचा फोन आला तेव्हा ती ‘नंतर बोलते, हात ओले आहेत’ म्हणाली. ते खरंच होतं, पण अर्धंच, हे तिला फोन ठेवता ठेवता कळलं. ऑफिसात रोज बाराला आठ ओळी येत होत्या. आता बाहेरचाच निरोप नीट पोचत होता. नव्वदचे तिने परत तीस सेकंद केले, तेही पुरून उरायचे.

तीस तारखेला खारू ऑफिसातून लवकर आली होती; दुपारी साडेतीनला चौदावी कवळी डबीत गेली. ती ज्यांची ते आजोबा, शिट्टी वाजवणाऱ्यांपैकीच एक, स्वतः येऊन घेऊन गेले आणि दारात थांबून एक वाजवूनही दाखवली. फळी रिकामी झाली. मेणाचे डबे, चाक, भट्टी, सगळं खोक्यांत भरून पुलापलीकडे रवाना झालं होतं. बाबांच्या हातात फक्त एक जुनी सुरी राहिली होती, ती त्यांनी एप्रनमध्ये गुंडाळली. खोली होती त्याहून मोठी दिसत होती. खारू त्यांच्या चेहऱ्याकडे चोरून बघत होती, ते घड्याळ कुठे दिसतंय का ते. आणि तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले, धापा टाकत, रुमालात तुटलेली कवळी धरून. बरोब्बर मधोमध चिरलेली. ‘‘तुमच्याच हातची आहे हो,’’ ते हवेचे शब्द करत म्हणाले, ‘‘अठरा वर्षं चालली. अर्ध्या तासाचं काम आहे.’’

अर्ध्या तासाचंच होतं. खारूलाही ते दिसत होतं. बाबांचा हात पुढे झाला आणि त्यांनी तो तुकडा घेतला, उजेडात धरला, अंगठा फिरवला. आता ‘घेतलं हो तुमचं’ म्हणणार, आता खोकी परत आणायला लावणार, खोलीचे मालक किल्ली घ्यायला चारला येणार. बाबांनी तुकडा दुसऱ्या तुकड्याशी जुळवून बघितला, रुमालात ठेवला, रुमालाची नीट घडी घातली आणि गृहस्थांच्या हातात परत दिली.

‘‘नाही आजोबा,’’ सत्त्याहत्तर वर्षांचे बाबा त्यांना म्हणाले. ‘‘आता मी नवीन घेत नाही. हा पत्ता घ्या. पुलापलीकडे उतरलात की समोरच आहे. माझं नाव सांगा, संध्याकाळच्या आत चावायला लागाल.’’

गृहस्थ गेले. बाबांनी दार ओढलं, कुलूप लावलं, पुठ्ठ्याचं झाकण काढून काखेत घेतलं. किल्ली खारूच्या तळहातावर ठेवून ते म्हणाले, ‘‘ही मालकांना आजच दे बरं. पर्समध्ये ठेवू नकोस,’’ आणि स्वतःच्याच विनोदावर हसत जिना नसलेल्या सपाट फुटपाथवरून, गुडघे सांभाळत, घराकडे चालायला लागले. अर्ध्या वाटेत त्यांना जांभई आली. भली मोठी, तोंडभर, स्वतःच्या बत्तीसपैकी शिल्लक एकोणतीस दात दाखवणारी.

चारला किल्ली देऊन खारू घरी आली तेव्हा बाबा पलंगावर आडवे होते आणि घोरत होते. घड्याळ भिंतीवर चालू होतं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दारातच तिने दादाला फोन लावला, रविवार नव्हता तरी.

‘‘काय गं, काय झालं?’’ दादा घाबरला.

‘‘काही नाही. बाबांनी बंद केली खोली. सगळी कामं पुरी करून. आत्ता झोपलेत.’’

‘‘दुपारचे?’’ दादा ओरडलाच. मग तो म्हणाला, ‘‘कमाल आहे. तीन महिने ऐकत नव्हते, मग आज एकदम कसं ऐकलं?’’

खारूने नखातली गुलाबी भुकटी अंगठ्याने काढली. आत बाबा कूस बदलून पुन्हा घोरायला लागले होते.

‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘सांगितलं म्हणून.’’